गाळ्यातले गडी

मुंबईच्या खाडीपलीकडे मुख्य भूमीवर एक जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या सुमारास ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांची भातशेते, मिठागरे व खाजणे मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा टापू नव्या शहराच्या, म्हणजे नवी मुंबईच्या, नकाशात आला. हा नकाशा ज्यांनी न्याहाळला आहे त्यांना ठाऊक आहे की मनुष्याच्या जन्मापासून अंत्यविधीपर्यंतच्या सर्व गरजांची तजवीज त्यात केलेली होती : शाळेचा भूखंड, बाजाराचा भूखंड, दवाखान्याचा, स्मशानाचा, आणि सेक्टरागणिक एखादे क्रीडांगण. ज्या एका खेळात या शहराच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील मुलांनी आपल्या संध्याकाळी, आणि पुष्कळदा रात्रीही, घालविल्या, त्या खेळासाठी मात्र त्यात कोठेही जागा राखलेली नव्हती, आणि १९७० साली ती राखण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. संगणकावरचा, आणि पुढे मोबाइलवरचा हा खेळ इमारतींच्या तळमजल्यावरील भाड्याच्या गाळ्यांत वाढला. त्या गाळ्यांत असंख्य मुले खेळली, त्यांतली कित्येक उत्तम खेळली, परंतु या खेळावर पोट भरणारी बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर देताना कोणी मुलांच्या आळसाकडे बोट दाखवितो, कोणी आईबापांच्या कडकपणाकडे. मला हा प्रश्न मुख्यतः आश्रयाचा वाटतो, आणि त्याची उकल करण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणक येण्यापूर्वी हा खेळ मुंबईत व तिच्या आसपास आला तो नाणे टाकून चालविण्याच्या यंत्रांच्या रूपाने. व्हिडिओ गेम पार्लर या नावाने ओळखली जाणारी ही दुकाने कायद्याच्या दृष्टीने करमणुकीची स्थळे होती. पोलिसांचा परवाना आणि १९२३ च्या अधिनियमान्वये बसणारे करमणूक शुल्क या दोन वाटांनी ती सरकारी दप्तरात दाखल होत, म्हणजे त्यांची जागा सिनेमागृहांच्या पंक्तीला होती, आखाड्यांच्या किंवा व्यायामशाळांच्या पंक्तीला नव्हती. या वर्गीकरणात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे असे मला वाटते, कारण ज्याच्याकडून शुल्क वसूल करावयाचे तो गिऱ्हाईक ठरतो आणि ज्याला खुराक द्यावयाचा तो गडी ठरतो, आणि या खेळातला मुलगा आरंभापासून पहिल्या खात्यावर मांडला गेला. त्याच सुमारास घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडण्याची यंत्रे आली. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ यांच्या कॅसेटी मे महिन्याच्या सुटीत भाड्याने मिळू लागल्या, आणि सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींतील आटोपशीर दिवाणखान्यांत शेजारपाजारची मुले दाटीवाटीने बसू लागली. पण तो बालक्रीडेचा काळ होता. त्यात धंद्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नव्हता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही मोजक्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनाही ती मुभा मिळाली, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर सायबर कॅफे हा एक नवा धंदा गल्लोगल्ली दिसू लागला. वाशीला खाडीवरचा पूल १९७३ साली आणि लोकलगाडी मे १९९२ मध्ये पोचली होती. नेरूळ, वाशी, बेलापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली होती. घरात संगणक नसलेला परंतु संगणकाचे शिक्षण घेणारा असा एक मोठा विद्यार्थिवर्ग येथे जमला होता. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याच्या योजनेत मिळालेल्या जागांवर उठलेल्या इमारतींत आणि वाशीच्या सेक्टर सतरासारख्या बाजारपेठांत गाळ्यांना तोटा नव्हता. आठ-दहा संगणक, प्लायवुडच्या आडभिंती, एक वातानुकूलन यंत्र आणि काउंटरवर नोंदवही, एवढ्या भांडवलावर दुकान सुरू होई. दिवसा प्रवेशअर्ज, निकाल, परदेशस्थ नातलगांना ई-पत्रे; दिवस कलला की खेळ.

येथे एक गोष्ट बारकाईने सांगितली पाहिजे. तेव्हाचे इंटरनेट इतके मंद होते की दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी त्यावरून खेळणे जवळजवळ अशक्य होते. गोळी झाडल्याचा हुकूम यंत्रापर्यंत पोचून परत येण्यास जो अवधी लागतो, ज्याला मुले ‘पिंग’ म्हणतात, तो इतका मोठा असे की समोरचा गडी दिसेपर्यंत आपण मेलेले असू. म्हणून खेळ चाले तो दुकानातल्या दुकानात, दहा संगणक तारांनी एकमेकांना जोडून, ज्याला ‘लॅन’ म्हणत. ‘काउंटर स्ट्राइक’ या खेळात पाच विरुद्ध पाच असे दोन पक्ष असतात, आणि दहा यंत्रांचा गाळा त्याला नेमका पुरतो. त्यामुळे प्रत्येक गाळ्याचा एक संघ, प्रत्येक संघाचे एक नाव, आणि शेजारच्या सेक्टरातील गाळ्याशी हाडवैर, अशी एक व्यवस्था आपोआप रूढ झाली. काही ठिकाणी रात्री शटर ओढून घेऊन पहाटेपर्यंत ‘नाइट’ चालत असे आणि सकाळची पहिली लोकल धरून कांजूर-भांडुपचे गडी परत जात. अशा गाळ्याचा मालक हा त्या खेळाचा एकमेव आश्रयदाता होता. तोच तासाचे पैसे उधारीवर ठेवी, तोच जुना माउस बदलून देई, तोच स्पर्धा भरवी, आणि भांडण झाले तर पंचही तोच होई.

परंतु त्या स्पर्धेचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. प्रत्येक संघाने प्रवेशशुल्क भरावे, त्या सर्व शुल्काची बेरीज करून दुकानाचा खर्च वजा करावा, आणि उरेल ते इनाम म्हणून विजेत्यांत वाटावे. म्हणजे इनामाचा पैसा हरणाऱ्यांच्या खिशातून येऊन जिंकणाऱ्यांच्या खिशात जात असे. बाहेरून एक दमडीही आत येत नसे. पाहणाऱ्यांना जागाच नव्हती, मग पाहण्याचे पैसे कोण देणार? महाविद्यालयांच्या वार्षिक उत्सवांत हीच पद्धत जरा मोठ्या प्रमाणावर चाले, आणि तेथे एखादी संगणकाचे सुटे भाग विकणारी कंपनी चार भेटवस्तू ठेवी. एवढ्या पाण्यावर व्यवसायाचे रोप जगत नाही.

आपल्याकडे खेळ हा व्यवसाय झाला तो कसा, हे यासाठी आठवावे लागते. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, त्याआधीपासून दरबार मल्लांच्या खुराकाची तरतूद करीत होता, आणि मैदानात बसलेली सहस्रावधी माणसे हा त्या खेळाचा दुसरा खजिना होता. तालमीत उतरणारे सगळेच पोरगे नामांकित मल्ल होत नसत. शंभरांत नव्याण्णव होत नसत. तरी मधल्या दर्जाच्या मल्लालाही जत्रेच्या फडात नारळापासून रुपयांपर्यंत इनाम होते, पुढे साखर कारखान्यांचे मानधन आले, पोलिस खात्याची भरती होती. १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचाही चरितार्थ अखेर त्या पदकावर चालला नाही. १९५५ पासून पोलिस उपनिरीक्षकाच्या नोकरीने तो चालविला. हे भूषणावह नाही, पण त्यातून एवढे दिसते की आपल्या समाजाने खेळाडूला थेट पोसले नाही तरी त्याला नोकरीच्या वाटेने पोसण्याची एक रीत बसविली होती. मुंबईच्या क्रिकेटची गोष्ट हीच. टाइम्स शिल्डचे आंतर-कचेरी सामने गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून चालत आले, आणि त्यांच्या ईर्ष्येपोटी कंपन्यांनी व बँकांनी खेळाडू आपल्या हजेरीपटावर घेतले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते, आणि त्यांच्या मागे ज्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत असे कित्येक जण दुपारनंतर कचेरीतून मोकळे सुटून जाळ्यात सराव करीत होते. कबड्डीला महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक यांचे संघ लाभले. या अनामिकांच्या जोरावर शिखरावरचा खेळाडू उभा राहतो. शिडीच्या मधल्या पायऱ्या काढून टाकल्या आणि वरची पायरी सोन्याची केली तर चढणारा कोणी उरत नाही, एवढे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नसावी.

फार लांबही जायला नको. नव्या मुंबईच्या आगरी-कोळी गावठाणांतून टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे जे सामने भरतात, त्यांत कोणाच्या तरी नावाचा चषक असतो, गावातला कोणी पुढारी किंवा ठेकेदार दुचाकी बक्षीस ठेवतो, मैदानाभोवती गाव लोटतो, आणि चांगला फलंदाज दुसऱ्या गावच्या संघाकडून बिदागी घेऊन खेळतो. २०२४ साली ठाण्यात याच क्रिकेटची एक व्यावसायिक लीग सुरू झाली, ती या जुन्या गावकी-व्यवस्थेच्या पायावर. गाळ्यातल्या गड्याच्या सामन्याला मात्र ना गाव होता ना चषक. आणि हे दोन्ही खेळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर चालू होते.

या खेळाला आश्रय मिळाला असता तर काय घडते याचे उदाहरण दक्षिण कोरियाने घालून दिले आहे. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर तेथे ‘पीसी बांग’ नावाचे संगणकगाळे बहरले, १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ आला, आणि २००० साली शासनाच्या संमतीने या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन त्याला वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली. गाळे आपल्याकडेही होते व तिकडेही होते. परंतु तिकडे दूरसंचार कंपन्या व सॅमसंगसारखे उद्योगसमूह संघ बाळगू लागले, खेळाडूंना मासिक वेतन व राहण्याची सोय मिळू लागली, आणि सक्तीच्या लष्करी सेवेमुळे खेळ तुटू नये म्हणून तेथील हवाई दलानेही आपला एक संघ काही वर्षे चालविला. आपल्याकडे त्याच काळात सरकारला गाळ्यांची आठवण झाली ती सुरक्षेच्या निमित्ताने. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचे ओळखपत्र घेणे, नोंदी वर्षभर जतन करणे, आडभिंतीची उंची साडेचार फुटांच्या वर न नेणे आणि अल्पवयीनांना पालकांशिवाय आडोशाच्या जागी न बसविणे बंधनकारक केले. नियमांमागील हेतू रास्त होता, यात शंका नाही. पण शाळकरी मुलांच्या उधारीवर चालणाऱ्या गाळ्याला ते पेलणारे नव्हते.

गाळ्याचा खरा अंत नियमांनी केला नाही, मोबाइलने केला, आणि त्या क्रांतीचे मुख्यालय नव्या मुंबईतच होते ही इतिहासाची एक गंमत आहे. कोपरखैरणे-घणसोलीच्या पट्ट्यातून रिलायन्सने डिसेंबर २००२ मध्ये मोबाइल फोन स्वस्त केला आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओच्या रूपाने इंटरनेट जवळजवळ फुकट केले. त्यानंतर दीड वर्षाने, २०१८ च्या मार्च महिन्यात, ‘पबजी मोबाइल’ आला. ऐरोली, रबाळे, महापे येथे मोठमोठी माहितीकेंद्रे उभी राहिली, पनवेलजवळ २०२० साली आणखी एक अवाढव्य केंद्र सुरू झाले, आणि ज्या पिंगसाठी आधीची पिढी झुरली ती समस्या बऱ्याच अंशी सुटली. खेळणाऱ्यांची संख्या हजारांवरून लाखांवर आणि लाखांवरून कोटींवर गेली. मात्र गाळ्याबरोबर गाळ्याचा मालकही गेला. उधारी देणारा, वैर लावून देणारा, चांगला गडी ओळखून त्याला संघात घालणारा तो एकमेव पारखी नाहीसा झाला, आणि प्रत्येक मुलगा आपापल्या खोलीत कानाला हेडफोन लावून एकटा खेळू लागला.

मार्च २०१९ मध्ये हैदराबादेस पबजी मोबाइलची जी राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यात एक कोटीच्या बक्षिसांपैकी तीस लाखांचे पहिले इनाम ‘सोल’ या संघाने पटकावले. मुंबईचा नमन माथुर, ज्याला सगळे ‘मॉर्टल’ म्हणतात, याच्या भोवती जमलेला हा संघ पुढे बर्लिनच्या जागतिक स्पर्धेलाही जाऊन आला. तीस लाख ही रक्कम ऐकून नेरूळ-खारघरच्या घराघरांत काय संवाद झाले असतील याची कल्पना करणे कठीण नाही. जे वडील काल फोन हिसकावून घेत होते ते आज ‘यात खरोखर पैसा आहे का रे?’ असे चाचपडत विचारू लागले. प्रश्न योग्य होता, पण त्याचे उत्तर इनामाच्या आकड्यात नव्हते, गाळणीत होते.

ती गाळणी अशी. २०२० च्या बंदीनंतर ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने हा खेळ जुलै २०२१ मध्ये परत आल्यावर जी पहिली मोठी स्पर्धा झाली तिच्यात नोंदणी झालेल्या संघांनी प्रत्येकी पंधरा सामने खेळावेत, त्यांतले उत्तम दहा धरावेत, आणि गुणानुक्रमे १०२४ संघ पुढे घ्यावेत असे ठरले. पुढच्या फेऱ्यांत त्यांचे २५६ झाले, मग ६४, आणि जानेवारी २०२२ मधील अंतिम फेरीत उरले सोळा. संघ चौघांचा, म्हणजे अंतिम मैदानात चौसष्ट गडी, आणि पन्नास लाखांचे पहिले इनाम त्यांतल्या चौघांचे. जुलै २०२२ मध्ये या खेळाच्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. दहा कोटी आणि चौसष्ट, हे दोन आकडे शेजारी लिहिले म्हणजे बहुतेकांचे काय झाले हे सांगण्यास शब्द खर्च करावे लागत नाहीत. पण केवळ आकड्यांवर थांबणे मला पटत नाही, कारण क्रिकेटमध्येही कोटी खेळतात आणि अकरा निवडले जातात. फरक असा की क्रिकेटमध्ये या अकरांच्या खाली रणजी आहे, त्याखाली जिल्हा आहे, कचेरी आहे, क्लब आहे, आणि यांतल्या बऱ्याच पायऱ्यांवर काही ना काही प्राप्ती आहे. येथे चौसष्टांच्या खाली जे आहेत ते रोज संध्याकाळी ‘स्क्रिम’ म्हणजे सरावसामने खेळतात, आणि तेही आमंत्रण मिळाले तर.

शिवाय मुलाला आपल्या गुणांचे जे प्रमाणपत्र मिळते तेच भ्रामक असते. या खेळात ‘कॉन्करर’ ही सर्वोच्च पदवी एका सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशेंना मिळते, आणि ती मिळालेला मुलगा साहजिकच समजतो की आपण पाचशेंतले एक झालो. वस्तुतः ती पदवी मुख्यतः वेळेची व चिकाटीची आहे. रोज आठ तास जिवंत राहण्याची कला ज्याला साधली, अनोळखी व कच्च्या प्रतिस्पर्ध्यांपासून दूर राहून गुण साठविण्याची युक्ती ज्याला उमगली, तो तेथे पोचतो. सोळाही संघ तरबेज असलेल्या सामन्यात आक्रसत जाणारे सुरक्षित वर्तुळ कोणीकडे सरकेल याचा अंदाज बांधणे, संघनायकाच्या, ज्याला ‘आयजीएल’ म्हणतात, त्याच्या अर्ध्या वाक्यावर चौघांनी एकाच क्षणी हलणे, आणि हरलेल्या सामन्याचे चित्रण चार वेळा पाहून चूक शोधणे, ही निराळीच विद्या आहे. ती चौघांनी मिळून, शक्यतो एका छपराखाली राहून शिकावी लागते. चार बोटांनी पडदा हाताळण्याचा ‘क्लॉ’ आणि फोन कलता करून नेम धरण्याचा ‘जायरो’ हे यूट्यूब पाहून येतात. ही विद्या येत नाही. गाळ्याच्या काळात ती, कितीही ओबडधोबड का असेना, शिकविली जात होती, असे माझे मत आहे.

त्यात वयाची अडचण निराळी. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ‘स्टारक्राफ्ट २’ च्या ३३०५ खेळाडूंचा अभ्यास करून असे दाखविले की खेळातील प्रतिसादाची तत्परता साधारण चोविसाव्या वर्षापासून उतरू लागते. म्हणजे या विद्येचे ऐन दिवस सोळा ते चोवीस. आणि आपल्याकडे दहावी, बारावी, प्रवेशपरीक्षा, अभियांत्रिकीची चार वर्षे व पहिली नोकरी हे सगळे नेमके त्याच आठ वर्षांत कोंबलेले आहे. मल्लाला किंवा कबड्डीपटूला तिशीपर्यंत मुदत असते. तो आधी नोकरी धरून मग नाव कमावू शकतो. गेमरला नोकरी आणि नाव यांतून अठराव्या वर्षी एकच निवडावे लागते. आईबाप नोकरी निवडतात, यात त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही.

आणि ज्यांनी नाव निवडले त्यांच्या पायाखालची जमीन कोणाची होती? २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि शेकडो संघांचा सराव त्या रात्री निरर्थक झाला. नव्या नावाने आलेला खेळ २८ जुलै २०२२ रोजी, म्हणजे दहा कोटींची घोषणा झाली त्याच महिन्यात, पुन्हा दुकानांतून काढला गेला. तो परत आला २९ मे २०२३ रोजी, प्रथम तीन महिन्यांच्या चाचणीवर आणि अल्पवयीनांना दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घालून. सरकारची कारणे सुरक्षेची होती व ती तपासण्याचे हे स्थळ नव्हे. मुद्दा हा की कुस्तीवर बंदी आली तरी माती उरते. हा खेळ मात्र एका कंपनीची मालमत्ता आहे आणि कंपनी नाही तर खेळ नाही. ज्या भूमीवर नवी मुंबई वसली तिच्या शेतकऱ्यांना जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणच्या रस्त्यावर उतरता आले, त्यात पाच जण गोळीबारात प्राणास मुकले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचा हक्क उभा राहिला. कारण त्यांच्याजवळ सातबारा होता. खेळाडूच्या खात्यावरील पाच वर्षांच्या मेहनतीला कोणत्याच तलाठ्याच्या दप्तरात नोंद नाही.

संगणकावरच्या खेळांची वाट याहून बरी होती असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या एका ‘काउंटर स्ट्राइक’ स्पर्धेत भारतीय संघातील एका खेळाडूच्या यंत्रावर फसवणुकीची प्रणाली आढळली, संघ बाद झाला, आणि ज्या अमेरिकी संस्थेने मोठ्या आशेने तो संघ उभा केला होता तिने येथील गाशा गुंडाळला. एकाच्या अपराधाची किंमत एका सबंध पिढीने मोजली. ‘व्हॅलोरंट’ या खेळाच्या आशिया-पॅसिफिक लीगमध्ये २०२३ साली दहा संघ होते, त्यांत मुंबईच्या ‘ग्लोबल इस्पोर्ट्स’ला स्थान मिळाले आणि पहिल्या वर्षी गणेश गंगाधर, म्हणजे ‘स्करॉसी’, सारखा जुना काउंटर स्ट्राइकचा गडी तेथे पोचला. सामने दक्षिण कोरियातील सोल शहरात होते व संघात परदेशी खेळाडूंचाही भरणा होता. पाच जागा, आणि त्यांतल्याही सगळ्या आपल्या नव्हेत. एका खंडप्राय देशातील या खेळाच्या सर्वोच्च नोकऱ्यांची संख्या इतकी होती.

ज्यांचे भले झाले त्यांचे कशाने झाले हेही पाहावे. ‘सोल’ आणि ‘एट-बिट’ यांच्या मिलनातून झालेल्या ‘एस-एट-यू-एल’ या संस्थेला डिसेंबर २०२२ मध्ये लास व्हेगास येथे इस्पोर्ट्सचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढील दोन वर्षेही तिने तो राखला. हा पुरस्कार खेळातील विजयाचा नव्हता, आशयनिर्मितीचा होता, म्हणजे खेळता खेळता लोकांशी बोलून त्यांचे रंजन करण्याच्या कौशल्याचा. मॉर्टलचे यूट्यूबवरील वर्गणीदार सत्तर लाखांच्या घरात गेले ते बर्लिनच्या निकालामुळे नव्हे. त्याच्या गप्पांमुळे, संयमामुळे, लोकांना आपला वाटणाऱ्या बोलण्यामुळे. मी याला उणे लेखत नाही. श्रोते धरून ठेवणे ही आपल्या कीर्तनकारांनी व शाहिरांनी शतके जोपासलेली विद्या आहे आणि तिला बिदागी मिळणे न्याय्यच आहे. पण उत्तम खेळणारा व अबोल असा मुलगा या वाटेनेही जाऊ शकत नाही, आणि गाळ्यातले पुष्कळसे गडी अबोल होते.

त्यांतले बरेच जण पुढे महापे-ऐरोलीच्या कचेऱ्यांत, संगणकजोडणीच्या व दुरुस्तीच्या धंद्यात शिरले. दहा यंत्रे तारांनी जोडताना, अडलेला खेळ रात्री दोन वाजता चालू करताना त्यांनी जे शिकून घेतले ते वाया गेले नाही.

शासनाने आता या खेळाला नाव दिले आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रात्यक्षिक म्हणून झालेल्या इस्पोर्ट्समध्ये तीर्थ मेहताने कांस्यपदक आणले होते; डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने बहुक्रीडा स्पर्धांतील इस्पोर्ट्स क्रीडा विभागाच्या कक्षेत आले; आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घालून इस्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढले. सिनेमागृहांच्या पंक्तीतून उठून आखाड्याच्या पंक्तीत बसायला या खेळाला सुमारे चार दशके लागली. सनद मिळाली, तनखा मात्र अजून कोणी बांधून दिलेला नाही, आणि रेल्वेने, पोलिसांनी वा बँकांनी या खेळाचे गडी भरती करावेत अशी प्रथा अद्याप पडलेली नाही.

ती पाडण्याचे काम दिल्लीने करावे म्हणून थांबण्याचे कारण नाही. ज्या कंपन्यांच्या माहितीकेंद्रांवरून हे खेळ चालतात, ज्यांचे इंटरनेट या मुलांनी रात्र-रात्र वापरले, त्यांच्या कचेऱ्या घणसोलीला, रबाळ्याला, महाप्याला, ऐरोलीला आहेत. निरलॉनने आणि स्टेट बँकेने क्रिकेटसाठी जे केले तेवढेच त्यांनी करावे : प्रत्येकीने पाच-सहा गडी कायम हजेरीपटावर घ्यावेत, अर्धा दिवस काम व अर्धा दिवस सराव अशी नेमणूक द्यावी, चोविशीनंतर त्यांना कचेरीतल्या कामावर सामावून घेण्याची हमी लेखी द्यावी, आणि वर्षातून एकदा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तिकीट लावून आंतर-कचेरी सामने भरवावेत. महानगरपालिकेने त्यासाठी एक ढाल ठेवावी. खर्च फार नाही, आणि शहराच्या मूळ नकाशात राहून गेलेली एक जागा भरून निघेल.